जुन्या मोटारसायकलचा ब्रेक लाइट : स्विच बदलण्याआधी काय काय तपासावं

ब्रेक लाइट ही गाडीवरची अशी वस्तू आहे जी बिघडल्याचं चालवणाऱ्याला कळत नाही. हॉर्न वाजला नाही तर लगेच समजतं, इंडिकेटर लागला नाही तर मीटरवरचा दिवा सांगतो. ब्रेक लाइट मात्र महिनोन् महिने बंद असतो आणि आपण निर्धास्त फिरत असतो. घाट उतरताना किंवा संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढताना मागच्या माणसाला आपण थांबतोय हे सांगणारं दुसरं काहीही नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे तो चालू असणं सक्तीचंही आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा मागून येणारा डंपर हे कारण मला जास्त पटतं.

हा लेख स्प्लेंडर, सीडी १००, आरएक्स १००, जुनी बुलेट अशा साध्या वायरिंगच्या गाड्यांसाठी आहे. बहुतेक गॅरेजमध्ये ब्रेक लाइट बंद म्हटलं की आधी स्विच बदलतात, कारण तो स्वस्त असतो आणि बदलायला पाच मिनिटं लागतात. पुष्कळदा त्याने काम होतं. जेव्हा होत नाही तेव्हा दुसरा स्विच, मग तिसरा, असं सुरू होतं. ओळखीतल्या एका स्प्लेंडरला असे लागोपाठ स्विच बसले. खरा दोष होता मागच्या मडगार्डच्या नव्या रंगात. तो कसा, ते पुढे येईलच.

करंटचा रस्ता आधी समजून घ्या

बॅटरीच्या प्लसपासून करंट फ्यूजमध्ये येतो, तिथून चावीच्या स्विचमध्ये. चावी चालू केली की तो दोन्ही ब्रेक स्विचपर्यंत पोचून थांबतो. पुढचा स्विच हँडलच्या लिव्हरपाशी असतो, मागचा पायाच्या ब्रेकपाशी. दोन्ही समांतर जोडलेले असतात, म्हणजे कुठलाही एक ब्रेक दाबला तरी दिवा लागतो. स्विचमधून करंट बल्बच्या मोठ्या फिलामेंटमध्ये जातो आणि होल्डर, मडगार्ड, चेसिस यांच्यामार्फत बॅटरीच्या मायनसला परत येतो. या परतीच्या रस्त्यालाच आपण अर्थ म्हणतो.

होंडाच्या (स्प्लेंडर, सीडी १००) वायरिंगमध्ये चावीनंतरची प्लस वायर काळी, स्विचमधून बल्बकडे जाणारी हिरवी-पिवळी आणि अर्थ हिरवी असते. यामाहात (आरएक्स १००) प्लस तपकिरी, ब्रेकची पिवळी आणि अर्थ काळी. म्हणजे एका गाडीत काळी वायर प्लस, तर दुसरीत तीच अर्थ. आरएक्सवर हात बसलेल्या माणसाने सवयीने स्प्लेंडरची काळी वायर चेसिसला लावली तर फ्यूज जागच्या जागी उडतो. शिवाय वीस-पंचवीस वर्षांत कुणी कुठे कुठल्या रंगाचा तुकडा जोडला असेल याचा भरवसा नाही. रंगावरून अंदाज बांधा, खात्री मात्र टेस्ट लॅम्पनेच करा.

आणखी एक गोष्ट. यातल्या बऱ्याच गाड्यांत हेडलाइट आणि टेल लाइट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, एसी करंटवर चालतात, तर हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेक लाइट बॅटरीच्या डीसीवर. त्यामुळे टेल लाइट झकास लागतो म्हणजे मागची सगळी वायरिंग ठीक आहे असं धरून चालू नका.

लागणारं साहित्य

१२ व्होल्टचा १० वॅटचा बल्ब, होल्डर आणि त्याला जोडलेल्या दोन हातभर वायरी. हा झाला टेस्ट लॅम्प. मल्टिमीटर असेल तर उत्तम, पण निवड करायची वेळ आली तर मी टेस्ट लॅम्प घेईन. मीटर स्वतः जवळजवळ करंट ओढत नाही, म्हणून वायरीची एकच तार शिल्लक असली तरी तो बिनदिक्कत १२ व्होल्ट दाखवतो. त्याच वायरीवर बल्ब लावला की तो पेटत नाही आणि खरं काय ते कळतं. याशिवाय दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक जंपर वायर, बारीक पॉलिश पेपर, कॉन्टॅक्ट क्लीनर, थोडी व्हॅसलीन, दहा-बाराचे पाने, स्टार स्क्रू ड्रायव्हर आणि हीट श्रिंक नळी.

तपासणी

गाडी मेन स्टँडवर लावा, चावी चालू करा. फक्त पुढचा ब्रेक दाबून बघा, सोडा, मग फक्त मागचा. एकाने दिवा लागला आणि दुसऱ्याने नाही, तर बल्ब, फ्यूज आणि अर्थ निर्दोष सुटले. दोष न लागणाऱ्या स्विचमध्ये, त्याच्या वायरीत किंवा त्याच्या अॅडजस्टमेंटमध्ये आहे. दोन्हींनी लागत नसेल तर दोन्ही स्विच एकदम जाण्याची शक्यता फार कमी. तेव्हा स्विचला हात लावू नका, बल्बपासून सुरुवात करा. जुन्या काही गाड्यांना, विशेषतः जुन्या बुलेटना, पुढच्या ब्रेकला स्विचच नसतो हे मात्र आधी बघून घ्या.

दिवा कायम चालू राहत असेल तर तो निराळा आजार आहे, त्याबद्दल खाली.

बल्ब. टेल लॅम्पची काच काढा. बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ५ वॅटची टेलची आणि २१ किंवा १० वॅटची ब्रेकची. किती वॅटचा लागतो ते जुन्या बल्बवर छापलेलं असतं, तोच घाला. फिलामेंट डोळ्यांना अखंड दिसली तरी विश्वास ठेवू नका, कधी कधी ती बुडाशी सुटलेली असते. बल्ब सरळ बॅटरीवर लावून बघितला की शंका मिटते. बल्बच्या दोन पिना खाली-वर असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. पण सैल झालेल्या होल्डरमध्ये जोर लावून उलटा बसवलेले बल्ब सर्रास सापडतात. तेव्हा टेल लाइट भगभगीत लागतो आणि ब्रेक दाबल्यावर फारसा फरकच पडत नाही.

बल्बच्या बुडाला शिशाचे दोन ठिपके असतात. ते झिजून सपाट झाले की होल्डरच्या पत्र्याला टेकत नाहीत. होल्डरमधली स्प्रिंग गंजून बसली असेल तरीही तेच होतं. चावी बंद करून होल्डर आतून पॉलिश पेपरने घासा, क्लीनर मारा, स्प्रिंग बोटाने दाबून वर येते का बघा.

होल्डरपर्यंत करंट. बल्ब काढलेला, चावी चालू, कुणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगा. टेस्ट लॅम्पची एक वायर होल्डरच्या तळातल्या ब्रेकच्या टोकाला, दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला. लॅम्प लागला तर प्लसची बाजू संपूर्ण ठीक आहे, म्हणजे फ्यूज, चावी, स्विच, वायर सगळं. आता दुसरी वायर बॅटरीवरून काढून होल्डरच्या पत्र्याला लावा. इथे लॅम्प विझला किंवा मंदावला तर अर्थ गेलेला आहे. त्या स्प्लेंडरचं हेच झालं होतं. मडगार्ड काढून रंगवून आणलं, बसवताना नटाखाली ताज्या रंगाचा जाड थर राहिला आणि परतीचा रस्ता बंद झाला.

अर्थ गेल्याची आणखी एक खूण आहे. इंडिकेटर लावला की टेल लॅम्प त्याच्या तालावर मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबल्यावर इंडिकेटरचे दिवे अर्धवट लागतात. करंटला परतायला वाट मिळत नाही, म्हणून तो दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो. असं दिसलं की बाकी सगळं सोडून आधी अर्थ बघा. नटाखालचा रंग खरवडून भागतं, पण मी होल्डरच्या पत्र्यापासून चेसिसच्या स्वच्छ बोल्टपर्यंत एक स्वतंत्र वायर टाकतो. एका थिंबलचं (वायरीच्या टोकाला बसवायच्या कड्याचं) काम आहे आणि मग मडगार्ड कितीही वेळा रंगवा.

स्विचची परीक्षा. होल्डरपर्यंत करंट पोचत नसेल तर आता स्विचची पाळी. मागच्या स्विचच्या दोन्ही वायरी कपलरमधून (वायरींच्या प्लास्टिकच्या जोडातून) सोडवा आणि त्या वायरी एकमेकींना जंपरने जोडा. चेसिसला लागू देऊ नका. चावी चालू केल्यावर दिवा लागला तर स्विच दोषी हे सिद्ध झालं. नाही लागला तर स्विच बिचारा निर्दोष आहे. मग टेस्ट लॅम्पची एक वायर मायनसला ठेवून दुसरी आळीपाळीने दोन्ही वायरींना लावा. एकीवर तरी लागला पाहिजे. कुठेच लागत नसेल तर फ्यूज किंवा चावीकडून येणारी वायर तपासा. एकीवर लागत असेल तर दुसरी, म्हणजे बल्बकडे जाणारी, मध्येच कुठेतरी तुटलेली आहे.

दिवा मंद लागतो तेव्हा मल्टिमीटर कामाला येतो. स्विच गाडीला जोडलेलाच ठेवा, ब्रेक दाबून दिवा लावा आणि मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची दोन टोकं स्विचच्या दोन टर्मिनलांवर धरा. चांगल्या स्विचवर आकडा शून्याच्या अगदी जवळ येतो. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर तेवढे व्होल्ट स्विच स्वतःच खातोय. हीच चाचणी बॅटरीचं मायनस आणि होल्डरचा पत्रा यांच्यामध्येही करा. गंजाचा एक ओहमचा अडथळासुद्धा २१ वॅटच्या बल्बचा साधारण एक तृतीयांश उजेड गिळतो. आरशासारखी घासलेली काच आणि नवा बल्ब घालूनही दिवा मरगळलेला का, याचं उत्तर बहुधा इथे मिळतं.

बॅटरीचा घोळ. किकवर आणि मॅग्नेटोच्या सीडीआयवर (ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर) चालणाऱ्या गाड्या बॅटरी मेली तरी सुरू होतात, म्हणून लोक वर्षानुवर्षं मेलेली बॅटरी बाळगतात. अशा गाडीत ब्रेक लाइट आयडलवर मंद आणि अॅक्सिलरेटर दिला की प्रखर होतो. सिग्नलला थांबताना, म्हणजे जेव्हा तो सगळ्यात जास्त हवा, तेव्हाच तो सगळ्यात मंद. शिवाय बॅटरी नसताना व्होल्टेज वर-खाली होऊन बल्बही वारंवार जातात. हॉर्नसुद्धा घोगरा येत असेल तर स्विच खोलण्याआधी बॅटरी बघा.

मागचा स्विच : दुरुस्ती आणि अॅडजस्टमेंट

हा स्विच चेसिसच्या पट्टीत उभा बसवलेला असतो आणि त्याच्या दांडीला लावलेली बारीक स्प्रिंग ब्रेक पेडलला अडकवलेली असते. पेडल खाली गेलं की स्प्रिंग दांडी ओढते आणि आतले कॉन्टॅक्ट जुळतात. साध्या गाड्यांवर तो उजव्या बाजूला, जुन्या उजव्या गिअरच्या बुलेटवर डाव्या बाजूला. दोन्हीकडे तो नेमका चिखल उडण्याच्या जागी असतो. कोकणातल्या एका पावसाळ्यानंतर त्या रबरी टोपीखाली लाल मातीची पेस्ट झालेली असते.

आधी बाहेरून सगळं पाण्याने हळू धुऊन वाळवा. रबरी टोपी वर सरकवा, दांडीच्या कडेने क्लीनर मारा आणि दांडी हाताने वीस-तीस वेळा खाली-वर करा. पुष्कळ स्विच एवढ्यावर पुन्हा उभे राहतात. आत चेसिसचं ग्रीस भरू नका, ते धूळ धरून ठेवतं. डिझेलने धुणंही नको, त्याने रबरी टोपी फुगते आणि मग पाणी थेट आत जातं. दांडी जाम असेल, किंवा साफ करूनही व्होल्ट खात असेल तर बदला. नवा घेताना स्प्रिंग आणि रबरी टोपीसकट घ्या, जुनी ताणलेली स्प्रिंग नव्या स्विचला लावून उपयोग नाही.

अॅडजस्टमेंटचा क्रम बहुतेक जण चुकवतात. आधी ब्रेक, मग स्विच. होंडाच्या छोट्या गाड्यांत मागच्या पेडलला २० ते ३० मिलिमीटर फ्री प्ले (ब्रेक धरायच्या आधीची मोकळी हालचाल) असावा लागतो. मागच्या चाकापाशी रॉडच्या नटाने तो बसवून घ्या. मग चावी चालू करून पेडल हाताने हळूहळू दाबा. ब्रेक धरायला लागण्याच्या किंचित आधी दिवा लागला पाहिजे. उशिरा लागत असेल तर स्विच वर सरकवायचा, म्हणजे स्प्रिंग लवकर ताणली जाते. फार लवकर लागत असेल तर खाली.

हे सरकवताना स्विचची बॉडी एका हातात घट्ट धरा आणि फक्त नट फिरवा. बॉडी फिरवली की वायरींना पीळ बसतो आणि त्या टर्मिनलपाशी तुटतात. दुरुस्तीला म्हणून हात लावला आणि चांगला स्विच मेला, असं यातूनच होतं. लायनर झिजला, ब्रेक टाइट केला, की ही अॅडजस्टमेंट पुन्हा बघायची. सर्व्हिसिंगनंतर ब्रेक लाइट अचानक बंद पडला किंवा कायम लागून राहिला तर कारण बहुधा हेच असतं.

कायम चालू राहणारा दिवा

चावी चालू ठेवून पायाचा पंजा पेडलखाली घाला आणि पेडल वर उचला. दिवा विझला तर स्विचचा काही दोष नाही, पेडलच पूर्ण परत येत नाही. पेडलची रिटर्न स्प्रिंग सैल झालेली असते, पेडलचा पिन कोरडा पडलेला असतो, किंवा चाकातला ब्रेक कॅम गंजून अडकलेला असतो. शेवटच्या प्रकारात लायनरही घासत राहतो आणि ड्रम तापतो. थोडं चालवून ड्रमजवळ हात नेऊन बघा, पण ड्रमला हात लावू नका. पिन आणि कॅम साफ करून ग्रीस लावा.

पेडल उचलूनही विझत नसेल तर मागच्या स्विचच्या वायरी सोडवा. तरीही दिवा चालूच असेल तर पुढचा स्विच सोडवा. ज्याची वायर काढल्यावर विझला तो गुन्हेगार. दोन्ही सोडवूनही चालूच राहिला तर ब्रेकच्या वायरीला कुठेतरी दुसरी प्लस वायर लागते आहे, बहुधा सीटखाली किंवा मागच्या मडगार्डच्या आत, जिथे इन्सुलेशन घासून जातं.

हे लवकर दुरुस्त करा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. अडीच अँपिअर-तासाच्या छोट्या बॅटरीला इंजिन बंद आणि चावी चालू असताना हे दीड तासही झेपत नाही. त्याहून वाईट म्हणजे कायम लागलेल्या ब्रेक लाइटने मागच्याला काहीच कळत नाही.

पुढचा स्विच

ड्रम ब्रेकच्या गाड्यांवर हा लिव्हरच्या होल्डरमध्ये खोचलेला छोटा काळा तुकडा असतो. याचं काम मागच्याच्या उलट चालतं. लिव्हर सुटलेला असताना तो स्विचचं बटण दाबून धरतो आणि दिवा बंद राहतो. लिव्हर ओढला की बटण बाहेर येतं आणि दिवा लागतो. म्हणून बटण धुळीने आतच अडकलं तर दिवा कधीच लागत नाही. आणि नवा साधा लिव्हर टाकला की दिवा विझतच नाही, कारण काही स्वस्त लिव्हरना बटण दाबणारा उंचवटा नीट नसतो. लिव्हर विकत घेताना जुना शेजारी धरून तो उंचवटा जुळवून बघा.

स्विच काढायला खालच्या बाजूला बारीक खिट्टी असते. पातळ स्क्रू ड्रायव्हरने ती दाबून स्विच वायरींसकट सरळ बाहेर ओढा. वायर धरून ओढू नका. डिस्क ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांवर तो मास्टर सिलिंडरखाली एका स्क्रूने बसवलेला असतो. काही जुन्या गाड्यांत तो ब्रेक ऑइलच्या दाबावर चालणारा, थेट पाइपच्या बोल्टमध्येच असतो. तो बदलायचा तर ऑइल सांडतं, ब्रेक ब्लीड करावे लागतात, म्हणजे पाइपातली हवा काढावी लागते. ते काम येत नसेल तर जाणत्या फिटरकडेच द्या.

पुढच्या स्विचच्या वायरी हँडलबरोबर रोज शेकडो वेळा वळतात आणि हेडलाइटच्या मागे इन्सुलेशनच्या आतच तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. ब्रेक दाबून धरा आणि हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. दिवा मध्येच विझला तर वायर तुटलेली आहे. ती हलकेच ओढून बघितली की तुटलेल्या जागी रबरासारखी ताणते. तेवढा भाग कापून नवी वायर सोल्डर करा, वर हीट श्रिंक चढवा. जोड हँडलच्या वळणावर येऊ देऊ नका, थोडा मागेपुढे घ्या. असं काम करताना बॅटरीचं मायनस काढून ठेवा.

फ्यूज ब्रेक दाबताक्षणी उडत असेल तर त्याजागी मोठा फ्यूज, तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालू नका. ब्रेकची वायर कुठेतरी चेसिसला लागते आहे आणि फ्यूज नसेल तर ती वायर पेटून पेट्रोलच्या टाकीखालची सगळी वायरिंग घेऊन जाईल.

एलईडी बल्बबद्दल

पुष्कळ जण विचारतात म्हणून सांगतो. जुन्या गाडीवर मी साधाच बल्ब ठेवतो. टेल लाइट एसीवर असेल तर एलईडी लुकलुकतो, आणि स्वस्त एलईडीत टेल व ब्रेक यांच्या उजेडात इतका कमी फरक असतो की दिवसा मागच्याला तो जाणवतच नाही. घ्यायचाच तर भर उन्हात वीस पावलं मागे उभं राहून फरक दिसतो का बघा आणि मगच पैसे द्या.

काम संपल्यावर

सगळे कपलर व्हॅसलीनचा पातळ हात देऊन बंद करा. गाडी संध्याकाळी भिंतीकडे पाठ करून उभी करा आणि दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबा. भिंतीवरचा लाल उजेड दोन्हींनी सारखा वाढला पाहिजे. मग खराब रस्त्यावरून एक फेरी मारून आल्यावर पुन्हा तेच करा, कारण सैल जोड धक्के बसल्यावरच उघडा पडतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशरच्या पाण्याचा फवारा पेडलच्या मागे थेट मारू देऊ नका, आणि गाडी धुऊन आणली की त्याच दिवशी ही भिंतीची परीक्षा घ्या.

घाटात खालच्या गिअरवर इंजिनच्या जोरावर वेग कमी करता तेव्हा ब्रेक लाइट लागत नाही, हेही ध्यानात असू द्या. मागे गाडी असेल तर वळणाच्या आधी पेडलवर पाय अलगद टेकवा, दिवा लागेल पण ब्रेक धरणार नाही एवढाच. अॅडजस्टमेंट वर सांगितल्यासारखी बसली असेल तर हे सहज जमतं.